मयताच्या नावे टँकर

त्र्याहत्तर सालच्या एप्रिल महिन्यात चिलारी गावच्या वरच्या वस्तीवर सरकारी विहीर खणताना एक माणूस सापडला. माणूस विहिरीत पडलेला नव्हता. विहीरच त्याच्या अंगावर आली होती. सबब या प्रकरणात त्याच्याकडून कोणताही कसूर झालेला नाही, हे सुरुवातीलाच नमूद केलेले बरे. ज्यांच्याकडून झाला त्यांची चौकशी चालू आहे आणि चौकशी अधिकारी नेमण्याचे काम त्यांच्याकडेच आहे.

चिलारी हे गाव तासगावच्या पूर्वेला, एस.टी. जिथून तोंड फिरवते त्याच्या थोडे पुढे आहे. त्या साली दुष्काळ इतका एकदिलाने पडला होता की बागाईतदार आणि कोरडवाहू हा भेद जवळजवळ मिटला होता. जवळजवळ म्हणायचे कारण सरपंच नानासो यांची विहीर. तिला पाणी होते आणि त्या पाण्यावर नानासोंचा थोडा ऊस उभा होता. दुष्काळात गावाने धीर सोडू नये म्हणून आपण तो हिरवा ठेवला आहे, असे नानासो सांगत आणि पाहुण्यांना बांधावर नेऊन धीर दाखवत.

वरच्या वस्तीवर धनगरांची घरे, म्हणजे कापडी पाले होती. तिथल्या बायका ओढ्याच्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीने कळशी भरत. तानुबाईची सून सुलाबाई मागच्या खेपेला भरली कळशी डोक्यावर घेऊन ओढ्याचा चढ चढताना पडली आणि पोटातले लेकरू गेले. आता तिचे दिवस पुन्हा भरत आले होते. तानुबाईने ठरवले होते की या खेपेचे बाळंतपण वस्तीच्या पाण्यावर होईल, ओढ्याच्या नाही. त्यासाठी ती तालुक्याच्या कचेरीत इतक्या वेळा जाऊन बसली की शिपाई तिला आपल्यातली समजून चहा आणायला सांगू लागला. अखेर विहीर मंजूर झाली. दुष्काळी काम म्हणून वस्तीनेच ती खणायची, दुपारी सुकडी खायची आणि पाणी लागले की प्यायचे, अशी सोय होती.

पुरुषभर खोल गेल्यावर तानुबाईचा मुलगा अर्जुना याचा टिकाव एका गाडग्यावर बसला. धनाचा हंडा लागला म्हणून वस्ती गोळा झाली. गाडग्याशेजारी कवटी होती, टिकावाचा पुढचा घाव तिला चाटून गेला होता. आणखी माती काढली तेव्हा एक बाप्या, एक बाई आणि त्या दोघांच्या मध्ये एक तान्हे, असे तिघेजण ओळीने झोपलेले दिसले. प्रत्येकाच्या उशाला एकेक गाडगे होते. तान्ह्याचे गाडगे त्याच्या मापाचे, मुठीएवढे होते.

कामावरचे ओव्हरसियर बाळासो यांनी खड्ड्यात डोकावून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "ही माणसं मस्टरवर हाईत का?"

"न्हाईत सायेब," अर्जुना म्हणाला. "ही आमच्या आधीची दिसत्यात."

"मग कामाच्या जागी बाहेरची माणसं आली कशी? काम बंद करा."

काम बंद झाले. चिलारीत सरकारी काम इतक्या तत्परतेने पार पडल्याचा दाखला याआधीचा नाही.

मयत सापडले की पोलिसांना कळवावे लागते. दादासो हवालदार सायकलवरून आले, खड्ड्याच्या काठावर बसले आणि पंचनामा सुरू केला. पंचनाम्यात पहिल्या रकान्यात मयताचे नाव लागते, दुसऱ्यात जात लागते. नावाचे पुढे बघता येईल, असे हवालदारांचे मत पडले, पण दुसऱ्या रकान्यावाचून गाडी पुढे जाईना.

"कुणापैकी हाईत?" त्यांनी वस्तीला विचारले.

"हाडाला काय लिवलेलं असतंय व्हय, दादासो?" तानुबाई म्हणाली.

"म्हातारे, लिवलेलं नसतंय म्हणून तर इचारावं लागतंय."

मग हवालदारांनी कवटीची तपासणी केली. कवटीला टिकाव लागल्याची ताजी खूण होती. टिकाव अर्जुनाच्या हातात होता. टिकाव आपणच मारला, हे अर्जुनाने सर्वांसमक्ष कबूल केले. इतका सरळ गुन्हा हवालदारांच्या उभ्या नोकरीत त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी अर्जुनाला गाव सोडू नये अशी ताकीद दिली आणि खड्ड्याभोवती दोरी बांधून घेतली. सुलाबाई त्या दिवशीही ओढ्यावर गेली.

पुढे पुण्याहून पुराणवस्तूंचे जाणकार साहेब आले. ते खड्ड्यात उतरले ते जेवायलाही वर येईनात. मयताच्या गळ्यात काचेचे मणी निघाले, हाताशी तांब्याचे नाणे निघाले. नाण्यावर कुणा परमुलखाच्या राजाचे तोंड होते. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी गाव जमवून समजावून सांगितले, की ही माणसे सातवाहनांच्या काळातली, म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वीची आहेत. तेव्हा रोमन लोकांची गलबते कोकणच्या बंदरांना लागत आणि तिथला माल घाट चढून कऱ्हाडावरून देशावर येई.

हवालदारांनी हात वर केला. "साहेब, म्हंजे मयताला येवढी वर्सं झाली?"

"निश्चित."

"आणि त्या येळी अर्जुना कुठं हुता?"

साहेबांना प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी अर्जुना निर्दोष असल्याचे लेखी दिले. तरीही फाइल मिटेना, कारण अर्जुनाने मारले नाही तर कुणी मारले, हे लिहिल्याशिवाय ती मिटत नाही. शेवटी अज्ञात आरोपी फरारी आहे असे ठरले. तो आजतागायत सापडलेला नाही.

सरपंच नानासो एवढा वेळ मागे उभे होते. ते पुढे झाले. "साहेब, ही रोमन म्हंजे कुणापैकी?"

"रोमन नव्हेत, सरपंच. माणसं इथलीच, काळ रोमन व्यापाराचा."

"मालदार हुती?"

"बऱ्यापैकी असावीत. असे मणी साध्या माणसाकडे नसत."

"मग आमच्यापैकीच," नानासो म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून खड्ड्याला नमस्कार केला.

साहेब जाताना एकच गोष्ट बजावून गेले. उन्हाने माती वाळली तर हाडांना तडे जातील, त्यांना हलवायची व्यवस्था होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून खड्डा ओला ठेवावा. वरच्या वस्तीने टँकरसाठी दिवाळीपासून अर्ज केलेला होता आणि तो विचाराधीन होता. मयतांचा टँकर तिसऱ्या दिवशी आला. खड्ड्यावर मांडव पडला, सावलीला ताडपत्री आली. राखणीला माणूस हवा होता. अर्जुनाला नाहीतरी गाव सोडायची मनाई होतीच, म्हणून राखणदार म्हणून त्याचीच नेमणूक झाली. त्याने खड्ड्यापाशी कोणाला फिरकू द्यायचे नव्हते, आणि टँकरपाशी तर अजिबात नाही.

तानुबाई कळशी घेऊन टँकरपाशी गेली. दादासो हवालदार मांडवाच्या सावलीत टेकले होते.

"म्हातारे, ह्यो टँकर मयताच्या नावे हाय."

"म्हंजे मेल्यावर मिळतंय व्हय पाणी?"

"मेल्या-मेल्या न्हाई मिळत," हवालदारांनी कायदा समजावला. "शंभर वर्सं तरी व्हावी लागत्यात. मागल्या साली कायदाच झालाय तसा. त्याआधी मेलेला माणूस नुस्ता मेलेला. शंभर भरली की मग सरकार बघतंय त्याच्याकडं."

"तवर दम काढू म्हंतोस?"

"मी कुठं म्हंतोय? कायदा म्हंतोय."

मयत हलवायचे तर वारसाची संमती लागते. नानासोंनी आनंदाने वारसदारी पत्करली. सांगलीच्या एका वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला आणि खाली 'रोमन काळापासून चालत आलेले घराणे' असे छापून आले. मग पूर्वजांची वार्ता कळली म्हणून त्यांनी रीतसर सुतक धरले. खरे तर इतक्या उशिरा कळलेल्या वार्तेला एक आंघोळ पुरते, असे गावच्या गुरुजींनी दबकत सांगून पाहिले. नानासो म्हणाले, पाणीटंचाई आहे, आंघोळीपेक्षा सुतक परवडते. सुतकात सही करता येत नाही. विहीर दुसऱ्या जागी खणायचा बाळासोंचा कागद त्यामुळे सरपंचांच्या सहीवाचून पडून राहिला. तेवढ्यात नानासोंनी तीच विहीर आपल्या मळ्यालगत सुचवली, ती मात्र तोंडी सुचवली. तोंडाला सुतक नसते.

दिवस घालायची वेळ आली. आपल्या मुलखात दिवसाच्या नैवेद्याला कावळा शिवला म्हणजे मेलेला तृप्त झाला असे मानतात. शिवला नाही तर त्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते. मग घरच्या माणसांनी एकेक इच्छा बोलून दाखवायची, आम्ही ती पुरी करतो असा शब्द द्यायचा. बरोबर इच्छा निघाली की कावळा येतो. आपल्याकडे जिवंतपणी माणसाला काय हवे होते, हे घरच्यांना कावळ्यामार्फत कळायची सोय पहिल्यापासून आहे.

खड्ड्याच्या काठावर नैवेद्य मांडला. प्रांतसाहेब आले होते, बाळासो होते, गाव तर होतेच. नैवेद्यात मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या जोंधळ्याची, लाल भाकरी होती, कारण रेशनवर दुसरे काही येत नव्हते. कावळा फिरकेना. ऊन चढत गेले.

नानासो हात जोडून म्हणाले, "तुमच्या नावानं देऊळ बांधतो."

कावळा नाही.

"तुमच्या नावानं हायस्कूल काढतो. ग्रँट आपुन बघू."

गावाने वर पाहिले. आभाळात घारसुद्धा नव्हती. नानासोंनी समाजमंदिर बोलले, कमान बोलली, एस.टी.चा थांबा बोलला. प्रांतसाहेबांनी शासनातर्फे दगडी फलक बोलला. कुणी म्हणाले, मिलोला कावळा शिवत नाही, माणूसच तो नाइलाजाने खातो. नानासोंच्या घरून गव्हाची पोळी आली. तरी काही नाही.

तेव्हा दोरीच्या पलीकडून तानुबाई म्हणाली, "आवं नानासो, वस्तीची हीर पुरी करतो, असं एकदा म्हणून बघा की."



"मयताला हिरीचं काय?" नानासो म्हणाले.

"उशाला गाडगी कशापायी ठिवल्याती मग? तहानलेलीच असतील."

नानासोंनी प्रांतसाहेबांकडे पाहिले. प्रांतसाहेबांनी बाळासोंकडे पाहिले. बाळासो म्हणाले, तांत्रिक मंजुरीशिवाय असा शब्द देता येत नाही. प्रांतसाहेबांनी त्याला पुस्ती जोडली. "आजी, देवळाचं, हायस्कुलाचं वेगळं. ते नुसतं म्हणायचं असतं. विहिरीचं म्हटलं आणि कावळा खरंच शिवला, तर ते आश्वासन बंधनकारक होईल."

"आणि जित्या माणसाला दिलेलं?"

"ते तपासून बघितलं जातं," प्रांतसाहेब म्हणाले.

गुरुजी अनुभवी होते. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून नैवेद्याला शिववतात, शास्त्राची त्याला मान्यता आहे. त्यांनी चार काड्या वळून, गाठ मारून कावळा केला आणि पोळीला टेकवला. प्रांतसाहेबांनी घड्याळ पाहिले. कावळा शिवल्याची नोंद झाली आणि मंडळी नानासोंच्या घरी जेवायला गेली. खरे कावळे कुठे आहेत हे वस्तीला ठाऊक होते. ते पाणी असेल तिकडे, म्हणजे नानासोंच्या विहिरीवर होते.

वारस नक्की झाला, इच्छा पुरी झाली, आता मयत हलवायला अडचण नव्हती. पण सरकारी कामात एक बारीक दोष आहे. कागद एकदा चालू लागला की तो कुठे जाऊन धडकेल हे खुद्द पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही. तहसिलात कुणाच्या तरी ध्यानात आले, की ही जागा गायरान आहे. गायरानात तिघेजण एकोणीसशे वर्षे विनापरवाना राहत आहेत. म्हणजे हे अतिक्रमण झाले, आणि अतिक्रमणाचा दंड वारसाकडून वसूल करायचा असतो. नानासोंच्या हाती नोटीस पडली.

नानासोंनी ती उभ्या उभ्या वाचली आणि त्यांचे सुतक संपले.

"आमच्यात मयत जाळत्यात," ते नोटीस परत करत म्हणाले. "पुरणारी माणसं आमच्यापैकी असतीलच कशी? माझ्या भोळेपणाचा कुणीतरी फायदा घेतला." वर्तमानपत्रातला फोटो मात्र त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर तसाच ठेवला.

त्यामुळे मयत बेवारस झाले आणि नवा वारस शोधायचे काम निघाले. त्याच आठवड्यात ओढ्यातला झिरा आटला.

सुलाबाई दुपारी बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण बनुबाईने नाळ कापली आणि पाणी मागितले. रांजणात तळाला गाळ होता. घरापासून हाकेच्या अंतरावर टँकर उभा होता आणि त्याच्या तोटीखाली, ठिबकेल तेवढ्यावर, माशा बसल्या होत्या. अर्जुना तांब्या घेऊन टँकरपाशी गेला. आपल्याला इथे कुणाला फिरकू द्यायचे नाही, हे आठवून तो थांबला. मग त्याने बाळासोंना विचारले.

बाळासो वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाला हे जमत नाही, त्यासाठी नियमाने चालणाराच लागतो. "अर्जुना, मला का वाईट वाटत न्हाई? पर पाणी खड्ड्यात असंल त्याच्यापुरतं मंजूर हाय. वर दिलं तर मी गेलो बग."

अर्जुना रिकामा तांब्या घेऊन परत आला. तानुबाईने सगळे ऐकले होते.  तिने जुन्या लुगड्याच्या फडक्यात नात गुंडाळली, दोरीखालून वाकून गेली, खड्ड्याच्या पायऱ्या उतरली आणि त्या मुठीएवढ्या गाडग्याशेजारी, त्या बारक्या हाडांशेजारी गोणपाट टाकून तिने नातीला निजवले.

"आता शिंपा," ती म्हणाली.

टँकरवरच्या शिंपणाऱ्याने बाळासोंकडे पाहिले. बाळासो बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिले. मग ते कुणाला तरी सांगावे तसे म्हणाले, "नियमापरमाणं सांजच्या शिंपणीची येळ झालीया." अजून उन्हे कलायची होती. पाणी पडले. पोर कळवळून रडले. त्या खड्ड्यातून एकोणीसशे वर्षांत पहिल्यांदाच कुणी तक्रार केली. तानुबाईने ओंजळीने नातीला धुतले, मग आपला पदर त्या पाण्यात पुरता भिजवून घेतला, वर आली, घरात गेली आणि तो सुनेच्या तोंडात पिळला. एका माणसाला आपल्या सुनेला पाणी पाजायला एवढे करावे लागले, याची लाज वाटावी असे तिथे बरेचजण होते. त्यांच्यापैकी कुणाला वाटली असल्यास तशी नोंद नाही.

नोंद दुसरी झाली. नात अजून खालीच होती, तेवढ्यात दादासो हवालदारांनी खड्ड्यातल्या माणसांची मोजणी केली तेव्हा तिघे मयत आणि एक जिवंत निघाला. संरक्षित जागेत जिवंत माणूस असणे हा गुन्हा आहे. त्यांनी वर कळवले. वरून उत्तर आले ते वाचून हवालदारही चाट पडले. वस्तीने आपले मूल मयतांच्या कुशीत आपण होऊन ठेवले. वस्तीवर मयत पुरायची आणि उशाला पाण्याचे गाडगे ठेवायची चाल आहे, असे पुण्याच्या साहेबांच्या अहवालातही होते. सबब वरच्या वस्तीचे लोक हेच मयतांचे वारस होत, असे सिद्ध झाले. गायरानावर एकोणीसशे वर्षे अतिक्रमण केल्याबद्दल त्यांना नोटीस काढण्यात आली, आणि पुरावा म्हणून सहा दिवसांच्या मुलीचे नाव घालण्यात आले. तिचे नाव अजून ठेवलेले नव्हते, म्हणून 'अतिक्रमणदार, स्त्री' असे लिहिले.

"आमी हितं येवढ्या वर्सांचं हाय म्हंता," तानुबाईने नोटीस आणणाऱ्या माणसाला विचारले, "मग हाकलताय कशापायी?"

"तेच्यामुळंच," तो म्हणाला. "लय दिस झालं."

मयत कुठे न्यायचे यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचे बिनसले. सांगलीचे म्हणणे, आमच्या हद्दीत निघाले. साताऱ्याचे म्हणणे, हे वारले तेव्हा सांगली जिल्हा वेगळा झालेलाच नव्हता, तेव्हा ते मूळचे सातारकर. शेवटी कऱ्हाडाजवळच्या मलकापुरात हमरस्त्यालगतच्या एका गोदामाला संग्रहालय म्हणावे असे ठरले. दोन्हीकडच्या साहेबांना तिथे येऊन चहा घेऊन दिवसाउजेडी परत जाता येत होते.

तिघांना कापसात गुंडाळून जीपने नेले. वस्तीच्या वाटेवर त्या दिवसापर्यंत जीप आली नव्हती. टँकर त्याच दुपारी परत गेला, कारण लाभार्थी गाव सोडून गेले होते. जागेच्या संरक्षणासाठी खड्डा मातीने बुजवला. बाळासोंनी हिशेबात खोदकाम पूर्ण, भराव पूर्ण असे दाखवले. दोन्ही कामे झालेली होती, त्यामुळे विहीर पूर्ण झाली. गुरुजींच्या दर्भाच्या कावळ्याला शोभेल अशी ती विहीर झाली. तिच्यावर नानासोंच्या हस्ते नारळ फुटला, आणि त्याच्यातले पाणी तेवढे वस्तीच्या पोरांच्या वाट्याला आले.

जूनच्या तोंडाशी वरच्या वस्तीने पाले गुंडाळली. मेंढरे पुढे, घोड्यावर संसार आणि घोड्याच्या पाठीवरच्या टोपल्यात ती अतिक्रमणदार, असे ते पश्चिमेला, पाणी असेल तिकडे निघाले. मलकापूरच्या हमरस्त्यावर ऊन मी म्हणत होते. पोर रडून रडून थकले होते. समोर गोदामाचे दार उघडे दिसले आणि आत गारवा दिसला, म्हणून तानुबाई तांब्या घेऊन आत शिरली.

दारातल्या पहारेकऱ्याने कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवले. माठावर 'केवळ कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी होती. तानुबाईला वाचता येत नव्हते, पण त्या बोटाचा अर्थ तिला कळला. ती वळली आणि समोर काचेच्या पेटीत तिला ते तिघे दिसले. स्वच्छ पुसलेले, पांढऱ्या कापडावर निजलेले. ते मुठीएवढे गाडगेही होते. ती ओळखीच्या माणसांपाशी थांबावे तशी काचेला टेकून उभी राहिली.

पेटीपाशी एक गृहस्थ पाटी वाचत होते. बरोबर मंडळी होती, मुले होती आणि थोरल्या मुलाच्या खांद्याला भरलेली निळी वॉटरबॅग होती. गृहस्थांनी मोठ्याने वाचून दाखवले, "मृताला पुढील प्रवासात तहान लागू नये म्हणून आप्तांनी उशाशी ठेवलेले जलपात्र. तत्कालीन समाजाच्या सुसंस्कृतपणाची साक्ष."

मग ते मुलांकडे वळून भारावलेल्या आवाजात म्हणाले, "बघा, केवढी संस्कृती होती आपली. मेलेल्या माणसालासुद्धा पाणी पाजत होते." ते 'आपली' म्हणाले. म्हणजे वारस तेही होतेच, पण त्यांना नोटीस आलेली नव्हती.

तानुबाईचा रिकामा तांब्या काचेला लागून खणकन वाजला. गृहस्थांनी मागे पाहिले.

"अहो बाई," ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "जरा बाजूला व्हा. पाटी दिसत नाही."

तानुबाई बाजूला झाली. मग ती बाहेर गेली आणि मेंढरे पुढे चालू लागली.

ते गृहस्थ कोण होते हे तिला ठाऊक नाही आणि आम्हीही नाव घेणार नाही. वॉटरबॅग निळी होती आणि तिचा पट्टा एका बाजूने शिवलेला होता, एवढेच ती सांगते. आपल्या घरी माळ्यावर एकदा बघून घ्या.